आमच्यामागं पान कोण वाढणार?

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "यंदा म्हाळ घालतो. आमच्यामागं पान कोण वाढणार, देव जाणे." फोनवर मला धड बोलता आलं नाही, म्हणून लिहितेय.

इथं जपानात ऑगस्टच्या १३ ते १६ तारखेला ओबोन असतो. पितरांनी घरी यायचे हे दिवस. ऑफिसं ओस पडतात, जो तो गावाकडच्या गाडीत. पितरांना वाट दिसावी म्हणून दारात विस्तव करतात. टोकियोच्या बाजूला काकडीला काड्यांचे पाय लावून घोडा करतात आणि वांग्याची गाय. घोड्यावरून पितरांनी लवकर यावं, गाईवरून सावकाश परतावं. मला आपली आज्जीच आठवली. माहेरी कंकुंबीला जाताना तिला कोण घाई, आणि निघताना पाय निघायचा नाही! शेवटच्या रात्री क्योटोला पाच डोंगरांवर मोठाले जाळ पेटवून निरोप देतात.

माझ्यासोबत काम करणारी एक मुलगी मेक्सिकोची आहे. त्यांच्याकडं १ नोव्हेंबरला गेलेल्या लेकरांचा दिवस, २ तारखेला मोठ्यांचा. फोटो मांडायचे, ज्याला जे आवडायचं ते समोर ठेवायचं, आणि झेंडूच्या पाकळ्यांची वाट करायची. आई, झेंडू मूळचा तिकडचाच गं! दसऱ्याला गणपत गल्लीत ज्याचे ढीग लागतात, तोच. कोरियातल्या चुसोक या सणालाही पितरांना नैवेद्य असतो, आणि बऱ्याच वर्षी तो आपल्या भाद्रपदी पौर्णिमेच्या आसपासच येतो.

हे सगळं पाहून एकच पक्कं झालं. पान मी वाढणार. मुलीनं करू नये असं भाऊबंद म्हणतील, म्हणू देत. शेजारच्या कन्नड काकूही महालयाला सासूसाठी खीर करून कावळ्याला ठेवतातच की, त्यांना कोण अडवतं? मेक्सिकोच्या त्या घरात तर फोटो मांडायचं काम लेकीसुनाच करतात.

मात्र एक काम तुम्ही करायचं. भटजी विचारतात तेव्हा बाबा घडाघड नावं घेतात: आजोबा, पणजोबा, आज्जी, तिची सासू. ती नावं फक्त तुमच्या तोंडी आहेत. वहीत लिहा. आईच्या माहेरचीही हवीत, आणि मामाकडची जी लहानपणीच गेली ती मावशीही. बाबा, हात थरथरत असेल तर तुम्ही सांगा, आई लिहील. कोण कुठल्या गावचं, कुणाला काय आवडायचं, तेही लिहा. मलप्रभेच्या घाटावर बाबांच्या मागं उभी राहून मी ही नावं ऐकली, पण एकदाही लिहून घेतली नाहीत कुणी.

वहीचा फोटो सर्वपित्रीच्या आत पाठवा, म्हणजे यंदा इथंच एक पान वाढीन. आणि आई, इथल्या बाजारात आळू मिळालं नाही तर त्याऐवजी कुठली भाजी चालेल?

तुमची लाडकी लेक