पोकळ बासचे सुटे भाग: आधी भोक मोजा, मग मागवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गणपती दीड-दोन महिन्यांवर आले की बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या ऑर्केस्ट्रांची आणि चर्चमधल्या वादकांची जुनी वाद्ये कपाटाबाहेर निघतात. त्यात पोकळ बास गिटार असली तर तिचे काहीतरी हमखास बिघडलेले असते. व्हॉल्यूम खरखरतो, केबल घुसवायचा जॅक आत गेलेला असतो, तार ताणायची एखादी चावी फिरत नाही. मग मोबाइलवर फोटो पाहून भाग मागवले जातात, ते बसत नाहीत, आणि शेवटी चार-पाच मिलिमीटर जाडीच्या प्लायच्या तबलीला, म्हणजे वाद्याच्या वरच्या पाटीला, ड्रिल लावले जाते. तबली फुटते. एका पॉटपायी, म्हणजे व्हॉल्यूम-टोनच्या बटणाखालच्या भागापायी, वाद्य जाऊ नये, एवढ्यासाठी हे पत्र.

आपल्याकडची बास नेमकी कुठल्या जातीची, हे आधी बघा. हॉफनर 500/1 ही 1956 साली आलेली व्हायोलिन बास आणि तिच्या बहुतेक नकला आतून पोकळ असतात, पण तबलीवर ‘एफ’ आकाराची भोके नसतात. बटणे एका पट्टीवर असतात आणि स्क्रू काढले की वायरिंगसकट सगळा संसार वर येतो. दुसरी जात ‘एफ’ भोकांची, पूर्ण पोकळ. तिसरी दिसायला तशीच, पण मधोमध लाकडाचा ठोकळा असलेली. गिब्सनची 1958 ची ईबी-2 या जातीची. दुसरी आणि तिसरी ओळखायची तर भोकातून टॉर्च मारा, समोरच्या भोकापलीकडचे दिसले नाही तर मध्ये ठोकळा आहे. हे महत्त्वाचे, कारण स्क्रूने बसणारा जड धातूचा ब्रिज (तारा पेलणारी घोडी) फक्त ठोकळ्यावरच टिकतो. नुसत्या तबलीवर तो बसवला तर स्क्रू सैल पडतात आणि पुढे तबली खचते.

आता पॉट. खरा घोळ इथेच आहे. अमेरिकन मापाच्या पॉटला 3/8 इंच, म्हणजे साडेनऊ मिलिमीटरचे भोक लागते. आशियाई मोठ्या पॉटला 8 आणि 16 मिलिमीटर व्यासाच्या छोट्या पॉटला 7 मिलिमीटर पुरते. नकलांमध्ये बहुधा छोटेच असतात. भोक वाढवणे भागच असेल तर हाताने फिरवून भोक रुंदावणारा रीमर घ्या, कागदी टेप चिकटवा आणि सावकाश फिरवा. ड्रिलचे पाते पातळ प्लायमध्ये अडकते आणि वरचा थर उचलतो. भोक मोठे आणि पॉट लहान असेल तर प्रश्नच नाही, रुंद वायसर टाकला की झाले. नॉबचेही तेच: अमेरिकन दांड्याला 24 दाते, आशियाईला 18. गुळगुळीत दांडा 6 मिलिमीटरचा असतो किंवा पाव इंचाचा, म्हणजे 6.35 चा. हा जेमतेम 0.35 मिलिमीटरचा फरक हातोडीने मिटवणारेही लोक आहेत!

पॉटची किंमत (ओहमची) पिकअपवरून, म्हणजे तारांची थरथर पकडणाऱ्या भागावरून, ठरते. सिंगल कॉइलला (एका गुंडाळीच्या पिकअपला) 250 के, म्हणजे 250 हजार ओहम, हमबकरला (दोन गुंडाळ्यांच्या) 500 के. ‘ए’ अक्षराचा पॉट लॉग (कानाला सारखा चढ-उतार वाटणारा), ‘बी’ चा सरळ. व्हॉल्यूमला ‘ए’च घ्या. ‘बी’ लावला तर बटण 10 वरून 3 पर्यंत आणले तरी फारसे कळत नाही आणि मग आवाज एकदम पडतो. रेडिओच्या दुकानातला ‘बी 100 के’ चालून जातो म्हणतात. तो चालतो, पण सूर आंधळा होतो. 500 के लिहिलेला पॉट 400 ते 600 मध्ये काहीही भरू शकतो, म्हणून दुकानातच मल्टिमीटर लावा. टोनच्या कपॅसिटरवर 473 लिहिलेले म्हणजे 0.047 मायक्रोफॅरड. बासला हाच नेहमीचा. जरा कमी अंधार हवा असेल तर 223. इथे महागडा ‘तेलातला’ कपॅसिटर घेणे म्हणजे पैसे तेलात घालणे. पॉलिएस्टरचा साधा पुरतो.

‘एफ’ भोकाच्या बासमध्ये पॉट बसवणे हे खरे कौशल्य. जुने काढण्याआधी प्रत्येक पॉटच्या दांड्याला गळाचा नायलॉन दोरा घट्ट बांधा, मग नट सोडा आणि पॉट आत जाऊ द्या. दोऱ्याचे टोक तबलीच्या भोकातून बाहेरच राहते. नवे वायरिंग आधी पुठ्ठ्यावर, तबलीवरच्या भोकांच्या अंतराइतकेच आखून, पूर्ण सोल्डर करून घ्या आणि ॲम्पला जोडून वाजवून बघा. मग दोरे नव्या पॉटना बांधून सगळा गुच्छ ‘एफ’ भोकातून किंवा पिकअपच्या खाचेतून आत सोडा आणि एकेक दोरा ओढा. जॅकसाठी दोऱ्याऐवजी माशांच्या टाकीची बारीक नळी जॅकच्या तोंडात घट्ट कोंबा. गुच्छावर हीटश्रिंक (तापवली की आवळणारी नळी) चढवायला विसरू नका, नाहीतर आत गेल्यावर उघडी वायर शेजारच्या पॉटच्या पाठीला टेकते आणि आवाज बंद. वायर शिल्डवालीच हवी, कारण पोकळ पोटात तांब्याची पट्टी चिकटवणे जवळपास अशक्य. सोल्डर रोझिनचे घ्या. पत्र्याच्या कामाची आम्लाची पेस्ट वर्षभरात जोड खाते.

घोडी लाकडी असेल तर अर्थची वायर तारदानाला, म्हणजे टेलपीसला जोडावी लागते. नवा टेलपीस बसवताना हीच वायर बहुतेकदा विसरतात, नाहीतर रंगावरच दाबून बसवतात. रंग खरवडा, टेलपीस आणि जॅकचे बाहेरचे टोक यांत मीटरवर एक-दोन ओहमपेक्षा जास्त दिसू नये. तारांना हात लावला की घूं आवाज कमी झाला तर जोड बरोबर. उलट वाढला तर जॅकवरच्या दोन वायरी अदलाबदल झाल्या आहेत. काळ्या नायलॉनच्या वेष्टनाच्या तारांवर ही परीक्षा होत नाही, कारण हात आतल्या धातूला लागतच नाही.

पिकअप बदलायचाच असेल तर खाचेची लांबी, रुंदी, खोली मोजून त्याच मापाचा शोधा. पोकळ वाद्याला मोठ्या आवाजात शीळ लवकर घुसते, त्यामुळे मेणात बुडवलेला पिकअप घ्या. पिएझो (लाकडाची थरथर पकडणारा पिकअप) लावायचा तर सोबत किमान 1 मेगओहम इनपुटचा प्रीॲम्प (आधीचा छोटा ॲम्प) हवाच, आणि तो बाहेरच्या डबीत बरा. आत 9 व्होल्टची बॅटरी ठेवली की ती खुळखुळते, आणि केबल जॅकमध्ये विसरली की वाजवत नसतानाही खर्च होत राहते.

चाव्यांचे वजन सराफी काट्यावर करून बघा. पोकळ देह हलका. जड चाव्या लावल्या की पट्टा गळ्यात असताना मान जमिनीकडे झुकते आणि डावा हात तिला उचलण्यातच दमतो. पट्टीवर दोन-दोन चाव्या असतील तर दोन दांड्यांमधले अंतर मोजा. एका मिलिमीटरची तफावत असली तरी दांडा तिरका बसतो आणि चावी घट्ट होते. तारा घेताना टेलपीसपासून मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या नटपर्यंतचे पूर्ण अंतर मोजा. स्केल (नट ते घोडी अंतर) 30 इंच आहे म्हणून ‘शॉर्ट स्केल’ मागवल्या तर तारेचा जाड भाग नटच्या आधीच संपू शकतो.

घोडी काढण्यापूर्वी तिच्या पायांची जागा पेन्सिलने कागदी टेपवर आखा. नवी घोडी तबलीच्या बाकाला जुळवायची तर तबलीवर सँडपेपर पालथा, खरखरीत बाजू वर करून धरा आणि घोडीचे पाय त्यावर घासा. बाराव्या पडद्यावर (फ्रेटवर) दाबलेला सूर चढा निघाला तर घोडी मानेपासून दूर सरकवा. उंची मात्र पावसाळ्यात कायमची कापू नका. खानापूरकडच्या आषाढात लाकूड फुगते, तारा वर येतात, आणि तेव्हा घासलेली घोडी डिसेंबरात तारा पडद्यांवर आपटवते. कोरीव काम जमत नसेल तर मिरजेच्या सतारमेकर गल्लीत घोडी घेऊन जावे. त्या हातांना हे काम नवे नाही.

मंडपातल्या जनरेटरला अर्थिंग नसेल तर बासच्या तारा आणि माइकची जाळी यांत व्होल्टेज मोजल्याशिवाय गायकाने ओठ माइकला लावू नयेत. शॉकचा हा धोका वायरिंग कितीही सुबक केले तरी टळत नाही.

आपल्या भागातल्या वाद्यविक्रेत्यांना एकच विनंती: पाकिटावर ‘बासचा पॉट’ एवढेच न लिहिता भोकाचा व्यास, आट्याची लांबी, दाते आणि ‘ए’ की ‘बी’ हे चार शब्द लिहावेत. चाव्यांवर भोकाचा व्यास आणि वजन.

आपले,
वाद्यदुरुस्तीचे काम करणारे काही वाचक
शहापूर, बेळगाव