गोव्याच्या मातीला तयार मात्रा नको

महोदय,

केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये अधिसूचित केलेल्या दूषित स्थळ व्यवस्थापन नियमांविषयीचा आपल्या अंकातील लेख वाचला. दूषित जमिनींचा शोध आणि शुद्धीकरण कायद्याच्या चौकटीत आले, हे स्वागतार्हच. पण रासायनिक प्रक्रियेने माती शुद्ध होते, हे लेखातले सरसकट विधान गोव्यापुरते तरी तपासून घ्यायला हवे.

क्रोमियम या धातूचेच पाहा. विषारी आणि पाण्याबरोबर सहज वाहणाऱ्या सहा-संयुजी क्रोमियमवर फेरस सल्फेट या लोहक्षाराची प्रक्रिया केली की त्याचे तीन-संयुजी रूप होते. ते मातीला धरून राहते आणि बरेच कमी घातक असते. मात्र क्रोमियम जागेवरच असते, आणि मातीतली मँगनीजची ऑक्साइडे त्याला पुन्हा सहा-संयुजी करू शकतात. आपल्या केपे-सांगे भागात तर लोहखनिजासोबत मँगनीजच्याही खाणी चालल्या. मँगनीजचे काळे, जड खडे इथे सहज हाताला लागतात. त्यात इथला चिऱ्याचा, म्हणजे जांभ्या दगडाचा, खडक सच्छिद्र. पावसाळ्यात विहिरींचे पाणी वर येते, तेव्हा जमिनीत मुरलेले थेट विहिरींत उतरते.

म्हणून त्या त्या जागेची माती प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय रसायन आणि मात्रा ठरवू नये. काम संपले म्हणून कंत्राटदाराचे पूर्ण बिलही लगेच चुकते करू नये. निदान दोन पावसाळे आसपासच्या विहिरींचे पाणी तपासावे आणि ते आकडे पंचायतीच्या फलकावर लावावेत.

— एक वाचक, केपे