कोल्हापुरी माझ्याजवळ आहेत

ती. आई-बाबांना सा. न.

बाबा, कोल्हापुरी शोधू नका. निघताना मीच त्या बॅगेत घातल्या, तुम्हाला न विचारता. गाडीनं अजनी स्टेशन मागे टाकलं तेव्हापासून मनाला लागून राहिलं आहे. पण विचारलं असतं तर "एवढा उन्हाळा जाऊ दे" म्हणाला असतात, आणि मी त्या ठेवून आले असते. मला नेमका हा उन्हाळाच त्यांच्यात जायला नको होता.

नव्या चपला शनिवारी घरी येतील. धंतोलीतला कारागीर स्वतः आणून देणार आहे. पैसे दिलेले आहेत, त्यावरून आईशी बोलू नका. तिला यातलं काही माहीत नव्हतं.

पायाला स्पर्श कळतो का ते बघायला डॉक्टरांनी नायलॉनचा तो धागा टेकवला, आठवतं? तो बरोबर 10 ग्रॅम दाबाला वाकतो. उजव्या तळव्यावर चार ठिकाणी तो वाकला, आणि तुम्ही डोळे मिटून शांत बसून होतात. आई माझ्याकडे बघत होती. साखर तुम्ही ताब्यात आणली आहे, चहाची सवयसुद्धा मोडलीत, हे मी सगळ्यांना सांगते. पण त्या चार जागांवर खडा टोचला तरी पाय आता सांगणार नाही. जे काम पाय करत होता ते आता चपलेनं आणि आईच्या डोळ्यांनी करायचं आहे.

तुम्ही म्हणालात, "चाळीस वर्षं याच चपला घातल्या, आताच काहून?" चपला त्याच आहेत बाबा, पाय बदलला आहे. नसा दुबळ्या झाल्या की बोटं आकड्यासारखी वाकतात, आणि बोटांच्या मागचे उंचवटे खाली येऊन सगळा भार घेतात. तुमच्या अंगठ्यामागचा घट्टा तिथलाच. तो बुटात अडकलेल्या खड्यासारखा आतल्या मांसाला दाबत राहतो. वरून कातडी धड दिसते, आत रक्त साकळतं आणि एक दिवस जखम उघडते. कोल्हापुरीचा तळ टणक, मागे पट्टा नाही, आणि चप्पल धरून ठेवायला बोटं आवळावी लागतात. हवाई चप्पलही तशीच, शिवाय बाभळीचा काटा तिच्यातून आरपार येतो.

नव्या चपलेत आतला थर एमसीआरचा आहे, बारीक छिद्रांचं मऊ रबर, जाडी 10 ते 12 मिलिमीटर, कडकपणा शोअर (रबराचा टणकपणा मोजायचं माप) 15 च्या आसपास. भार एका ठिपक्यावर न पडता तळवाभर पसरावा म्हणून तो मऊ. पण नुसत्या मऊ रबरात काटा सहज घुसतो, म्हणून खाली कडक सोल. वर दोन रुंद पट्टे आणि मागे एक, तिन्ही वेलक्रोचे, म्हणजे संध्याकाळी पाय सुजला की सैल करता येतात. खिळा एकही नाही, सगळं शिवलेलं आणि चिकटवलेलं. कुणी दुरुस्तीच्या नावाखाली खिळा ठोकायला निघालं तर चप्पल हातातून काढून घ्या.

आणि बाबा, तुम्ही जे हळूच म्हणालात, की अशा चपला वरोऱ्याला आनंदवनात दिसतात, लोक काय समजतील, ते मी ऐकलं होतं. मला त्यात लाजण्यासारखं काही वाटत नाही. कुष्ठरुग्णांची बोटं आपोआप झडत नाहीत, वेदना न कळल्यानं झालेल्या जखमांनी ती जातात, हे डॉ. पॉल ब्रँड यांनी वेल्लोरला काम करताना दाखवून दिलं. त्या पायांसाठी झालेलं काम आज मधुमेहाच्या पायांच्या उपयोगी पडतं आहे. तरी तुमच्या मनाला लागू नये म्हणून पट्टे तपकिरी चामड्याचे घ्यायला सांगितले. जरा लांबून त्या साध्या सँडलसारख्याच दिसतील.

आई, आता तू वाच. शनिवारी चपला सकाळी नाही, संध्याकाळी घालून बघायच्या, दिवसभरानं पाय फुगलेले असतात तेव्हा. आणि बसून नाही, उभं राहून. सगळ्यात लांब बोटाच्या पुढे एक ते दीड सेंटिमीटर जागा हवी, रुंदीला बोटं कुठेही काठाबाहेर जाता कामा नयेत. मी मापासाठी कागदावर पाऊल काढलं ते पेन्सिल उभी धरून, आणि बाबांना उभं करूनच. तू जूनमध्ये मला एक नंबर मोठे बूट घेऊन टोकात कापूस भरायचीस, तसं इथे मात्र चालत नाही. मोठ्या चपलेत पाऊल मागे-पुढे सरकतं, आणि घासून फोड येतो. सैल वाटल्या तर ठेवून घेऊ नकोस, परत कर.

पहिल्या दिवशी घरातच अर्धा तास. मग काढून तळवा, बोटांच्या फटी आणि पट्ट्याखालची जागा बघ. लाल वण अर्ध्या तासात गेला नाही तर चप्पल तिथे दाबते आहे, घालणं थांबव आणि कारागिराला बोलाव. वण नसेल तर रोज अर्धा-एक तास वाढवत न्या. दिवसभर घालायला आठ-दहा दिवस लागू देत, घाई नको.

घरात अनवाणी चालायचं नाही, हेच सगळ्यात अवघड जाणार. म्हणून दोन जोड केले आहेत, एक फक्त घरातला. गच्चीवर संध्याकाळी पाणी शिंपडायला, कूलरमध्ये पाणी भरायला, रात्री बाथरूमला उठताना, सगळीकडे चप्पल. कूलरजवळच्या ओल्यात पाय राहिला तर बोटांच्या फटी नीट पुसा, तिथे क्रीम लावायचं नाही. क्रीम तळव्याला आणि टाचेला. मोजे पांढरे सुती, घट्ट इलास्टिक नको. पांढरे अशासाठी की रक्ताचा ठिपका लगेच दिसतो.

टेकडीच्या गणपतीला जायचं ते सकाळी सहाला, जाड मोजे घालून. एप्रिल-मे मध्ये अकरानंतर तिथली फरशी पाय भाजते, आणि बाबांना ते कळणार नाही. देवळाबाहेर चपलाही उन्हात सोडू नका, तापलेल्या चपलेनंही फोड येतो. धुतल्यावर सावलीत वाळवायच्या. नागपूरच्या उन्हात चिकटवलेला थर सुटतो. घालण्याआधी उलट्या करून झटका, मग आतून हात फिरवा. एवढं मात्र दर वेळी.

आई, रोज रात्री जेवणानंतर दोन्ही तळवे बघ, तुझा चष्मा लावून. बाबा, तेव्हा पाय तिच्या हातात द्या, संकोच करू नका. माझे पाय तुम्ही पेपर वाचता वाचता मांडीवर घेऊन बसायचात. फोड, चीर, काळपटपणा, पाणी, वास, किंवा एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम नि सुजलेला, काहीही दिसलं तर दुखत नसलं तरी त्याच दिवशी डॉक्टर. गरम आणि सुजलेल्या पायावर तर एक पाऊलही टाकायचं नाही, आतली हाडं खचत असू शकतात. हळद, टूथपेस्ट, कुरुपाची पट्टी, ब्लेड, यातलं काहीही नाही. त्या पट्टीत आम्ल असतं, चांगली कातडीही जाळतं. घट्टा डॉक्टरांकडेच काढून घ्यायचा. आणि जखम झालीच तर ह्या चपलांनी ती भरणार नाही, तेव्हा भार पूर्ण उतरवणारं प्लास्टर किंवा बूट लागतो.

बोटं वाकलेली असल्यामुळे पायाची तपासणी दर तीन ते सहा महिन्यांनी हवी. जुलैची वेळ मी घेऊन ठेवली आहे. पायातलं रक्त कसं वाहतं तेही तेव्हा बघतील. चपलेचा आतला थर महिन्यातून एकदा अंगठ्यानं दाबून बघ, खड्डा तसाच राहिला तर थर मेला, वरून चप्पल नवी दिसली तरी.

मी बोलले जास्त, रागावू नका. कोल्हापुरींना तेल लावून, वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या कपाटात ठेवल्या आहेत. टाकल्या नाहीत.

शनिवारी रात्री दोन्ही तळव्यांचे फोटो पाठव आई, ट्यूबलाइटखाली, टाचा आणि बोटांच्या फटीसुद्धा. मी जागी असेन.

तुमची,
छोटी