मुंबईहून आणलेली फाईल ट्रंकेत ठेवू नका : बार्शी, परंडा व भूम तालुक्यांतील ग्रामस्थांना आवाहन

सप्रेम नमस्कार,

आपल्या घरात, भावकीत किंवा आळीत कोणाला कॅन्सर झाला असेल, तर त्याची माहिती कॅन्सर नोंदणीपर्यंत, म्हणजे भागातल्या प्रत्येक कॅन्सर पेशंटची नोंद ठेवणाऱ्या खात्यापर्यंत, पोहोचू द्या, ही पहिली विनंती. पेशंटचे उपचार चालू असोत, तो बरा झालेला असो की वारलेला असो, नोंद हवीच. दुसरी विनंती गाडीची आणि पैशांची आहे. ती खाली लिहिली आहे.

बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलमध्ये १९८७ साली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. खेड्यातल्या माणसांची अशी नोंद देशात त्याआधी कोणी ठेवत नव्हते. मुंबईची नोंदणी १९६३ची, पण ती शहरापुरती. आपल्याकडे नोंदणीची माणसे गावोगाव फिरली, पारावर बसली, सरपंच, गुरुजी आणि सुईणींशी बोलली. ‘पाळी गेल्यावर पुन्हा अंगावर जाते का, तोंडात न भरणारी जखम आहे का’ असे प्रश्न विचारत त्यांनी पेशंट शोधले. खेड्यात पेशंट आपण होऊन दवाखान्यात येईपर्यंत फार उशीर झालेला असतो, हे त्यांना पहिल्याच फेऱ्यांत कळले असणार.

या नोंदींतून दिसले ते असे. मुंबईत बायकांमध्ये स्तनाचा कॅन्सर पुढे, तर आपल्याकडे गर्भाशयाच्या मुखाचा. मधे अंतर रात्रभराच्या रेल्वेप्रवासाचे, भाषा एकच, तरी आजार वेगळा. खुद्द मुंबईतही सगळे सारखे नाहीत. टाटा हॉस्पिटलचे डॉ. वसंत खानोलकर यांनी १९४०च्या दशकातच दाखवले होते की समाजागणिक कॅन्सरची जागा बदलते. पारशी बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळले, आणि त्यामागे उशिरा होणारी लग्ने व कमी मुले हे एक कारण सांगितले गेले. जपानमधून हवाई बेटांवर गेलेल्या कुटुंबांचे उदाहरण तर जगभर शिकवले जाते. पुढच्या पिढीत त्यांच्यातला पोटाचा कॅन्सर कमी झाला, आतड्याचा आणि स्तनाचा वाढला. रक्त तेच, ताट बदलले. म्हणजे सगळे काही नशिबावर किंवा घराण्यावर ढकलता येत नाही. पण हे कळायला दोन्हीकडच्या नोंदी लागतात. फ्रान्समधल्या लियॉन शहरातील आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्थेने २०११ साली आफ्रिका-आशियातील पेशंट निदानानंतर किती वर्षे जगतात याचा ग्रंथ काढला. त्यात गांबिया, युगांडा, थायलंड यांच्या पंक्तीला बार्शी आहे.

या भागातल्या बायकांनी जगाला आणखी एक गोष्ट दिली आहे. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका एका मोठ्या अभ्यासात सहभागी झाल्या. त्याचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर ज्याच्यामुळे होतो त्या एचपीव्ही विषाणूची चाचणी ज्या गटाला आयुष्यात एकदाच देऊ केली गेली, त्या गटात या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. आज जागतिक आरोग्य संघटना हीच चाचणी आधी करा म्हणते. तुलनेसाठी ठेवलेल्या गटातल्या बायकांची मात्र तपासणी झाली नव्हती. त्यावर पुढे टीका झाली, आणि आमच्या मते ती रास्त होती. म्हणूनच आमच्या मंडळाचा आग्रह आहे की, जी बाई माहिती देईल तिला तपासणीही मिळाली पाहिजे.

आता अडचण कुठे येते ते सांगतो. पेशंट मुंबई, पुणे किंवा सोलापूरला जातो. तिथल्या कागदांवर पुण्यातल्या मुलाचा पत्ता पडतो. झाले, आपला माणूस पुण्याच्या खात्यात जमा! नियम असा की, निदान होण्याआधी किमान वर्षभर माणूस जिथे राहत होता, तिथली ती नोंद. घरीच वारलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या दाखल्यावर कारण म्हणून ‘वार्धक्य’ लिहिले जाते. अशी पाच-दहा माणसे सुटली की गाव कागदावर निरोगी दिसते, आणि निरोगी गावाला तपासणी शिबिर कशाला, असे म्हणायला सगळे मोकळे.

त्यामुळे ट्रंकेतली दवाखान्याच्या कागदांची ती प्लॅस्टिकची पिशवी एकदा उघडा. सगळे एक्स-रे नकोत. बायोप्सीचा, म्हणजे तुकडा काढून केलेल्या तपासणीचा, कागद तेवढा महत्त्वाचा, कारण त्यावर निदानाची तारीख आणि अवयव लिहिलेला असतो. त्याची झेरॉक्स किंवा फोटो पुरे. मूळ कागद कोणाला देऊ नका. ही माहिती गावातल्या आशाताईंकडे किंवा मंडळाच्या कार्यकर्त्याकडे द्या. ती व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका, आम्हीही टाकणार नाही. पोरीबाळींची लग्ने ठरायची असतात, लोक चार गोष्टी बोलतात, याची आम्हाला जाण आहे.

ऊसतोड मुकादमांना खास विनंती. दसरा झाला की टोळ्या कारखान्यांवर जातात आणि त्या बायका सहा-सहा महिने कोणालाच भेटत नाहीत. कोयता बाहेर पडण्याआधी एक दिवस त्यांना तपासणीसाठी मोकळा द्या. त्या दिवसाची मजुरी बुडू नये म्हणून मंडळ निधी गोळा करत आहे. आमचा सर्वांत मोठा खर्च हाच आहे. त्याखालोखाल जीपचे भाडे. ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी एक खेप दिली तरी चालेल, डिझेल आम्ही टाकू. तपासणीत काही आढळले तर पुढच्या फेऱ्यांनाही सोबत आणि भाडे लागते. बायका अर्ध्यात सोडतात त्या इथेच.

पुण्या-मुंबईत किंवा परदेशात असलेल्या आपल्या भागातील मंडळींनी यथाशक्ती हातभार लावावा. रोख रक्कम पावतीशिवाय देऊ नये, पावती मागायला संकोच करू नये. जमाखर्च ग्रामपंचायतीच्या फलकावर लावला जाईल. मिश्री आणि तंबाखू सोडवण्यासाठी बचत गटांत बोलणाऱ्या चार-दोन ताया मिळाल्या तर त्याही हव्यात. मिश्री लावणारी आजी आमच्यासारख्या बाप्यांचे ऐकत नाही.

शिबिराची तारीख दसऱ्याआधीची धरली आहे. नावे आशाताईंकडे आताच द्यावीत, म्हणजे कोणत्या गावाला कधी गाडी पाठवायची ते ठरवता येईल.

आपले,
मंडळाचे सर्व कार्यकर्ते