नंबरचा कागद कुणाचा?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

काल गुरुवारची तुमची दृष्टी दिनाची पुरवणी वाचली. छान होती, कागद पण गुळगुळीत वापरलाय. वर्षातून एकदा डोळे तपासा, गाजर खा, पालक खा, मोबाईलवरनं मधूनमधून नजर काढा, सगळं बरोबर आहे. फक्त चष्म्याला पैसे किती लागतात आणि ते खिशात नसतील तर माणसाने काय करायचं, यावर चार पानांत एक ओळ नाही. हां, शेवटच्या पानावर एका फ्रेमवर एक फ्रेम फ्रीची जाहिरात आहे, ती धरायची असेल तर धरा.

तुमच्या लेखकाने आसामच्या चहामळ्यातलं उदाहरण दिलंय, चाळिशीच्या पुढच्या मजुरांना जवळचे चष्मे दिले आणि पानं खुडायचं काम साधारण 22 टक्क्यांनी जास्त झालं म्हणून. त्याच्यासाठी आसामला कशाला जायला पाहिजे, आपल्या नाशिकच्या अंबडला कारखान्यांत या की. मी तिथे एका वर्कशॉपमध्ये ठेक्यावर आहे, इन्स्पेक्शनला. दिवसभर बुशचं, म्हणजे नळीसारख्या धातूच्या तुकड्याचं, भोक मोजायचं, 16.02 ते 16.06 मिलिमीटरमध्ये आलं की पास नाहीतर लाल क्रेटमध्ये. मोजायचा व्हर्नियर असतो, त्यावर खालच्या पट्टीची कुठली रेघ वरच्या रेघेला बरोबर जुळते ते बघायचं असतं, दोन रेघांमध्ये फरक 0.02 चा. डिजिटल व्हर्नियर आहे कंपनीत, पण तो साहेबांच्या कपाटात आहे.

तर मला वर्षभर काय व्हायचं, व्हर्नियर आडवा धरला की प्रत्येक रेघेच्या दोन रेघा दिसायच्या आणि तोच उभा धरला की एकदम स्वच्छ. मी मान वाकडी करून वाचायचो, पोरं हसायची, म्हणायची काका बुशच्या पाया पडताय का. मार्चएंडच्या गडबडीत माझ्या हातून 16.08 चे दोन क्रेट पास झाले, कस्टमरकडून परत आले आणि ठेकेदाराने दोन रोज कापले. बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे गोदावरीकाठच्या, बाजारातनं 120 रुपयांचा वाचायचा चष्मा आणला होता, पण त्याने रेघा नुसत्या मोठ्या झाल्या, दोनच्या दोनच राहिल्या आणि वरनं संध्याकाळपर्यंत डोकं ठणकायचं ते वेगळं.

मग आमच्या भागात एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचं शिबिर लागलं. 'भव्य मोफत नेत्रतपासणी व अल्पदरात चष्मे'. माझा दूरचा नंबर नसल्यासारखाच आहे त्यामुळे बॅनरवरचे सगळे चेहरे मला नीट दिसले. सकाळी आठला लाइनीत, साडेअकराला नंबर आला. मशीनमध्ये डोकावलं की लांबलचक रस्ता आणि टोकाला रंगीत फुगा, मग ती जड लोखंडी फ्रेम नाकावर ठेवून काचा बदलतात, आता चांगलं का मगाशी चांगलं. खोटं कशाला बोलू, मुलीने व्यवस्थित तपासलं. एक काच फिरवता फिरवता अशी जागा आली की अक्षराची सावली एकदम गेली, मी खुर्चीतच ओरडलो हां हीच. तिने सगळं कागदावर लिहिलं, कागद फाइलीत टाकला आणि माझ्या हातात एक टोकन दिलं. म्हणे कागद दुकानात जाईल, तिथे टोकन दाखवा.

दुकानात गेलो. 250 च्या फ्रेमचा एक ट्रे होता, त्यात सगळ्या शाळेतल्या पोरांच्या मापाच्या, माझ्या कानापर्यंत पोचेनात. मग तो म्हणाला तुम्हाला उजव्या डोळ्याला सिलिंडर आहे, म्हणजे एका दिशेच्या रेघा धूसर दिसतात त्याचा नंबर, ते स्कीमच्या काचेत बसत नाही. मग बायफोकल, मग ब्लू कट, म्हणजे स्क्रीनचा निळा उजेड अडवणारी काच घ्या, कोटिंग घ्या, कॅल्क्युलेटरवर 2,350 झाले. मी म्हटलं दादा एवढे नाहीत, तुम्ही मला माझा नंबर लिहून द्या मी बघतो कुठे होतंय का. तर म्हणतो, नंबर असा देत नसतो, कागद दुकानाचा असतो, चष्मा इथे केला तर कार्डावर लिहून मिळेल.

संपादक साहेब, डोळे माझे, साडेतीन तास लाइनीत मी उभा, आणि कागद दुकानाचा. रक्त तपासलं तर रिपोर्ट आपल्याला मिळतो की नाही? एक्सरेची फिल्म घरी गादीखाली ठेवतो की नाही आपण? मग चष्म्याच्या नंबरालाच काय सोनं लागलंय? फुकट तपासायचं आणि नंबर डांबून ठेवायचा, याला शिबिर म्हणायचं का गिऱ्हाईक गोळा करणं म्हणायचं ते तुमच्या लेखकाने सांगावं.

शेवटी एक खाडा करून सरकारी दवाखान्यात गेलो. तिथला केसपेपर 15 ऑगस्ट 2023 पासून फुकट आहे ते खरंय, पण ओपीडी सकाळची आणि माझी पण फर्स्ट शिफ्ट, म्हणजे रोज गेलाच. वर बाहुली मोठी करायचे थेंब घातले, दुपारभर जवळचं काही दिसेना, बसमध्ये सुट्टे पैसे कंडक्टरने माझ्या तळहातावरनं मोजून घेतले. पण डॉक्टरीणबाईंनी नंबर केसपेपरवर लिहून हातात दिला. ब्लू कटचं विचारलं तर म्हणाल्या, तुम्ही व्हर्नियर बघता, टीव्हीत बघत नाही, आणि बघत असलात तरी काही गरज नाही. तोच कागद घेऊन पंचवटीत गल्लीतल्या एका जुन्या दुकानात साधा बायफोकल 650 ला झाला, सिलिंडरसकट. सातशेच्या आतच होतो मग तो! रेघा आता एकेकच दिसतात.

तिथेच कळलं की सरकारच्या अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात चष्मे मोफत पण मिळतात, शाळेतल्या पोरांना आणि म्हाताऱ्या माणसांना. कार्यक्रम 1976 पासूनचा आहे. आता मी 47 चा, ना पोरगा ना म्हातारा, कमावता. कमावत्या माणसाला दिसत असेलच असं धरून चालतात बहुतेक. आणि 22 सप्टेंबर 2025 पासून चष्म्यावरचा जीएसटी 12 चा 5 टक्के झाला म्हणून तुम्हीच पहिल्या पानावर छापलं होतं, ते मी त्या शिबिरवाल्या दुकानदाराला बोललो तर तो म्हणाला, भाऊ आधी पक्कं बिल पाहिजे का ते सांगा.

2027 ला आपल्याकडे सिंहस्थ आहे. प्रयागराजला 2025 च्या कुंभात नेत्रकुंभ भरवला होता, तपासणी पण फुकट आणि चष्मा पण. आपल्याकडे भरवायचा तर जरूर भरवा, साधूंना आधी द्या, माझी काही हरकत नाही. पण ज्याला तपासलं त्याला जाताना नंबरचा कागद द्या एवढंच, तो छापायला काही कोटींचं टेंडर लागत नाही.

जाता जाता एक. डोळ्यांची एवढी काळजी आहे तर शनिवारी पाणी नाही ही सूचना तुम्ही पान पाचवर मुंगीच्या अक्षरात का छापता? शेजारी फ्लॅटच्या जाहिरातीत 'फक्त' हा शब्द माझ्या पंजाएवढा. आमची ही नवीन चष्म्याची वाट बघत बसली नाही म्हणून बरं, शेजारच्या पोरीकडून वाचून घेतलं आणि हंडे भरले. चष्मा लावून पण मला ती सूचना खिडकीत नेऊन वाचावी लागते, आणि माझं कामच 0.02 वाचायचं आहे.

आपला,
पंधरा वर्षांपासूनचा वाचक, पवननगर, सिडको, नाशिक
(नाव छापू नये. ठेकेदार पण तुमचाच पेपर घेतो.)