लॉ सीईटी : रविवारच्या सराव पेपरची सूचना

कायदा पदवीच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाची सीईटी (प्रवेश परीक्षा) देणाऱ्या सभासदांनी रविवारी सकाळी ८:४५ ला अभ्यासिकेत हजर राहावे. १२० प्रश्न, १२० मिनिटे. चुकीला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा नको. इंग्रजीचे ४० प्रश्न आधी, अर्ध्या तासात उरका.

कायद्याच्या २४ प्रश्नांत गुण जातात ते प्रश्नात दिलेलं तत्त्व सोडून स्वतःचा न्याय लावल्याने. समजा, तत्त्व दिलंय : अल्पवयीनाशी केलेला करार रद्दबातल. १७ वर्षांच्या पोराने वय १९ सांगून रावेरच्या व्यापाऱ्याशी केळीचा सौदा केला. पोरगा लबाड, व्यापारी बुडाला, सगळं खरं. उत्तर तरीही ‘रद्दबातल’च.

चुकलेला प्रश्न कारणासकट वहीत उतरवा, नुसते गुण मोजून निघू नका. कूलर बंद आहे, पाण्याची बाटली आणा.