मावशीला आधी कळलं

पुणे, 12 जुलै

चि. सानिकास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या मनगटाचं मला परवा मावशीकडून कळलं. आईला इतक्यात सांगू नकोस असं तू तिला बजावलं होतंस, आणि तिच्या पोटात ते दोन दिवससुद्धा राहिलं नाही. मी रागावले होते. फोनवर काहीतरी बोलून बसले असते, म्हणून पत्र लिहितेय.

राग जरा निवल्यावर आठवला तो मोझार्ट. 1778 मध्ये, बाविसाव्या वर्षी, तो नोकरी शोधायला पॅरिसला गेला. साल्झबुर्गच्या आर्चबिशपनं बापाला रजा दिली नाही, म्हणून सोबतीला आई. 3 जुलैच्या रात्री ती तिथेच गेली. सत्तावन्न वर्षांची होती, म्हणजे आज माझं आहे तेच वय. त्याच रात्री पोरानं दोन पत्रं लिहिली. वडिलांना लिहिलं, आई फार आजारी आहे, देवाची इच्छा. आणि पुढे? आपली नवी सिम्फनी कशी गाजली, लोकांनी मध्येच टाळ्या कशा पिटल्या, मग आनंदात आपण आइस्क्रीम कसं खाल्लं! व्हॉल्तेर मेल्याची बातमीसुद्धा. दुसरं पत्र साल्झबुर्गमधल्या घरोब्याच्या पाद्र्याला, बुलिंगरला: आई गेली, बाबांच्या मनाची जरा तयारी करा.

पहिलं पत्र बापाच्या हातात पडलं 13 जुलैला. तेव्हा लेओपोल्ड बायकोला तिच्या नामदिनाच्या, म्हणजे तिच्या नावाच्या संताच्या सणाच्या, शुभेच्छा लिहीत होता.

तरुणपणी मला त्या आइस्क्रीमची चीड यायची. आता ते पत्र मी लेओपोल्डच्या खुर्चीत बसून वाचते, आणि वाटतं, त्याला संशय आला असेल तो आइस्क्रीमपाशीच. गेल्या आठवड्यात तू मला लाइपझिगच्या बाजारातल्या चेरींबद्दल वीस मिनिटं सांगत होतीस. तू, जी फोनवर 'हो, जेवले, ठेवते' यापलीकडे जात नाहीस. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

त्याच उन्हाळ्यातला त्याचा ए मायनर सोनाटा तू नववीत असताना बसवला होतास. डावा हात सुरुवातीपासून धडधडत राहतो तो. वर्गात मी वीसेक वर्षं सांगत आले की हा आईच्या मृत्यूवर लिहिलाय. मुलं गंभीर व्हायची, पेडल जास्त दाबायची. पण हस्तलिखितावर फक्त पॅरिस आणि 1778 एवढंच आहे. आई जायच्या आधी लिहिला की नंतर, त्यावर काही नाही. हल्ली मी ती गोष्ट सांगत नाही. डाव्या हाताचे स्वर सारखे ठेवा, एवढंच सांगते. (गोष्टींच्या नादात मी पूर्वीही आपटलेय. बाखचा म्हणून अख्ख्या पिढीला शिकवलेला जी मेजर मिन्युएट पेट्झोल्ड नावाच्या माणसाचा निघाला.)

हे सगळं लिहायचं कारण संगीतकार शुमान. तू त्याच्याच गावात, लाइपझिगला आहेस, तेव्हा हात दुखावला म्हटल्यावर त्याचं उदाहरण द्यायला कोणीतरी येईलच. उजव्या हाताचं मधलं बोट कामातून गेलं, म्हणून तो पियानो सोडून रचनेकडे वळला, बघ, वाईटातून चांगलं. ऐकून घे आणि सोडून दे. बोट पुरतं जायच्या आधीच, 1831 मध्ये, त्याची पहिली रचना छापून झाली होती. बोट कशानं गेलं यावर अजून अभ्यासकांचं एकमत नाही. बोटाला व्यायाम द्यायला तो कसलंसं यंत्र वापरायचा, एवढं त्याच्या रोजनिशीत आहे. उपाय म्हणून त्याला नुकत्याच कापलेल्या जनावराच्या आतड्यांत हात बुडवून ठेवायला सांगितलं होतं, आणि गुरांचा स्वभाव आपल्यात उतरेल की काय अशी भीती त्यानं लिहून ठेवलीय. हसू येतं ना? मला येत नाही. बावीस वर्षांचं पोर होतं गं ते.

इकडे पाऊस थांबत नाही. पियानोत बल्ब लावून ठेवलाय, तरी खर्जातली काळी तीन अडकतेच. आणि मी नेमका शुबर्टचा शेवटचा, बी फ्लॅटमधला सोनाटा काढलाय. आठव्या बारमध्ये त्याच पट्टीवर एक ट्रिल आहे, म्हणजे शेजारच्या दोन स्वरांची भराभर आलटापालट, अगदी हलक्या आवाजात, कुठे लांब गडगडल्यासारखी. आमच्याकडे ती खटखट वाजते. त्या ट्रिलमध्ये लोकांना मृत्यू ऐकू येतो, कारण सोनाटा सप्टेंबर 1828 मधला आणि 19 नोव्हेंबरला, एकतिसाव्या वर्षी, शुबर्ट गेला. पण मधल्या काळात तो काय करत होता? 2 ऑक्टोबरला त्यानं तुमच्या लाइपझिगच्या प्रोब्स्ट या प्रकाशकाला लिहिलं की माझ्याकडे तीन नवे सोनाटे आहेत. नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्यानं काउंटरपॉइंट, म्हणजे अनेक सुरावटी एकत्र गुंफायची विद्या, शिकायला सेख्टर नावाच्या गुरूकडे चक्क शिकवणी लावली. सोनाटे छापून आले ते 1839 मध्ये. ही ट्रिल मी मरणासारखी वाजवणार नाही. वाजली तर!

आता तुझ्या हाताकडे वळते. शुमानपेक्षा त्याच्या बायकोचं, पियानोवादक क्लाराचं ऐक. नवरा 1856 मध्ये वेड्यांच्या इस्पितळात वारला. तिनं दौरे करकरून मुलं वाढवली, म्हणजे हात हेच तिचं पोट. 1877 च्या उन्हाळ्यात ती कीलला गेली आणि दुसऱ्याच दिवशी ड्रॉवर उघडताना उजव्या हाताची शीर ओढली गेली. ड्रॉवर! मावशी म्हणते तुझं लॅपटॉपच्या बॅगेमुळे झालं. नेमकं तेव्हाच तिचा संगीतकार मित्र ब्राम्स यानं तिला बाखचा शाकॉन हा तुकडा धाडला होता, मूळ व्हायोलिनचा, त्यानं एकट्या डाव्या हातासाठी बसवलेला. हिचा हात दुखावलाय याची त्याला कल्पनाही नव्हती. तिनं कळवलं की या दिवसांत त्याचा मोठाच आसरा झाला.

त्याची पानं स्कॅन करून पाठवतेय. बोटांचे आकडे पेन्सिलीनं माझे आहेत. दुसऱ्या पानावरचे खोडलेत, ते वापरू नकोस. रोज दहा मिनिटं, जास्त नाही, आणि उजवा हात मांडीवर. त्यानं मनातल्या मनातही वाजवू नकोस, मला माहितेय तू वाजवतेस.

डॉक्टर काय म्हणाले, पट्टा किती दिवस, गोळ्या कोणत्या, सगळं लिहून पाठव. मावशीला नाही. मला.

तुझी,
आई